भावाला दिलेली सूट

मी, मासेमारी निरीक्षक म्हणून निवृत्त झालेली, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोकं शाबूत आहे, आणि तीच अडचण आहे.

१. दुर्बीण आणि मासे मोजायची पितळी पट्टी सध्याच्या निरीक्षकबाईंना द्यावी. या पट्टीपायी अख्खं बेट मला 'फूटपट्टी' म्हणायचं. मासा बोटभर कमी भरला तरी मी टोपली जप्त करायची.

२. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाने अंत्यविधीला जरूर यावं, पण भाषण करू नये. कोवळी मासळी चोरून विकत घेणारा हा गृहस्थ माझ्या निरोपसमारंभात 'समुद्र आपली आई' यावर अर्धा तास बोलला होता.

३. माझं राहतं घर, म्हणजे धक्क्यामागच्या दोन खोल्या व पडवी, आमच्या गस्तीच्या लाँचच्या जुन्या चालकाला मिळावं. तो माझा नातेवाईक नाही, म्हणून कारण लिहिणं भाग आहे.

मासे अंडी घालतात त्या हंगामात उत्तरेकडची खाडी बंद असते. सव्वीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, तिथे बारीक जाळं टाकताना माझा धाकटा भाऊ सापडला.

"ताई, आजच्या दिवस जाऊ दे गं."

आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं होतं. मी लाँच माघारी वळवायला सांगितली. चालकाने एकदाच विचारलं, "बाई, नक्की?" मी मान हलवली.

गोष्ट फुटली. "तिच्या भावाला एक न्याय आणि आम्हाला दुसरा?" म्हणत आठवड्याभरात चौदा होड्या आत शिरल्या. खाडी खरवडून निघाली. पुढे चार वर्षं तिथे शेपूट हललं नाही.

चौकशीत मी लिहून दिलं की त्या दिवशी गस्तीवर चालक एकटाच होता. त्याला काढून टाकलं. निघताना तोच म्हणाला, "बाई, तुम्ही गेलात तर खाडी राखणार कोण? मला काय, कुठंही काम मिळेल."

मिळालं नाही. समोरच्या किनाऱ्यावर गोदामात ओझी उचलत तो म्हातारा झाला. खाडी मी राखली, मासे परतले. त्याबद्दल मला मिळालेलं मानपत्र जाळून टाकावं.

४. तिसरं कलम धक्क्यावर, सगळ्या होड्या लागलेल्या असताना, मोठ्याने वाचावं. जिवंतपणी मीच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

५. बचत, भांडी आणि शिवणयंत्र भावाला, असं मी लिहिलं होतं. ते खोडून चालकाच्या नावे केलं आहे. त्याचं असं झालं: भाऊ शेजारी बसून वाचत होता. मी चौकशीत काय लिहून दिलं, हे त्यालाही आजच कळलं. तेवढ्यात वकील म्हणाले, जो साक्षीदार होतो त्याला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही.

"मग साक्षीदार मीच," भाऊ म्हणाला, आणि त्याने पेन मागून घेतलं.

ठिकाण: राहतं घर
दिनांक: यंदाच्या बंदीचा पहिला दिवस
मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार:
१. धक्क्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर (सही)
२. भाऊ (सही)