घडलेला प्रसंग सांगा

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं झकास, मी तर नाचायचाच बाकी आहे!

अगं, चष्म्याच्या दुकानात मदतीला माणूस हवाय, हे तुला ठाऊकच आहे. मी आपला प्रत्येकाला विचारायचो, कष्टाळू आहात का, प्रामाणिक आहात का. सगळे मान डोलवायचे. (त्यातला एक प्रामाणिक माणूस सहा चष्मे घेऊन गेला.) तू फोनवर म्हणालीस, "कसा आहेस ते विचारू नकोस रे, काय केलंस ते विचार. घडलेला प्रसंग सांगायला लाव." माझे डोळेच उघडले! एका बैठकीत बावीस प्रश्न लिहून काढले आणि सरावासाठी उमेदवार म्हणून तुझ्या भावजयीला समोर बसवलं.

काय उत्तरं दिली तिने! चिडलेल्या गिऱ्हाइकाचा प्रसंग विचारला, तर म्हणे एक गृहस्थ काहीच दिसत नाही म्हणून तणतणत आले होते. हिने चष्मा नुसता पुसून दिला, तर जाताना बायकोसाठीही एक घेऊन गेले. मी मागच्या खोलीत काचा घासत बसलेला, मला पत्ताच नाही! मालकाची चूक मालकाला कधी दाखवलीत, यावर ती पाऊण तास बोलली आणि एकही प्रसंग दुसऱ्यांदा आला नाही. आठ दिवस सराव चालला.

आणि फळ बघ! गुरुवारी समोरच्या मोठ्या दुकानात मुलाखती होत्या. जवळपास हेच प्रश्न! पहिल्या फटक्यात निवड झाली. तुझ्या भावजयीची. एक तारखेपासून ती तिकडे. प्रश्न उत्तम होते, हे सिद्ध झालं की नाही?

तुझा,
धाकटा

ता. क. : वरचं पत्र ती वाचून पाहणार होती, म्हणून हसत लिहिलं. अक्का, माझी गाळण उडाली आहे. दुकान चालेल कसंबसं, पण तिच्याशिवाय मला तिथे बसवणार नाही.

ता. क. २ : आत्ताच धीर करून तिला जाऊ नकोस म्हणालो. ती म्हणाली, "बघू. पुढच्या सोमवारी दहाला मुलाखतीला या, मालकाच्या जागेसाठी." पहिला प्रश्न आधीच सांगून ठेवलाय: बायकोच्या कामाचं तोंडावर कौतुक केलंत, असा घडलेला एक प्रसंग सांगा. (मनात केलेलं धरत नाही म्हणे.) सोळा वर्षांतला एखादा तुला आठवत असला, तर उलट टपाली कळव. फोन करू नकोस, तो तीच उचलते.