डावा गुडघा

३ फेब्रुवारी १९५८
सकाळी राईस मिलमध्ये काम. दुपारी जेवायला घरी येताना वळणावर मागून बांबूचा ट्रक आला. मागे बाहेर निघालेले बांबू वळताना माझ्या खांद्याला लागले. मी रस्त्याच्या डाव्या अंगाला होतो, हे लिहून ठेवतो. नालीत पडलो. डावा गुडघा सुजला. सायकलचं पुढचं चाक वाकडं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, महिन्यात बरे व्हाल. मला शंका आहे. डॉक्टर बाहेर ट्रकमालकाशी बोलताना दिसले.

५ फेब्रुवारी
ट्रकमालक घरी आला. सायकल दुरुस्त करून देतो, दवाखान्याचा खर्च देतो, म्हणाला. इतक्या सहज? नाही म्हटलं. जाताना संत्री ठेवून गेला. कोणी खायची नाहीत, असं पोरीला, अन्नपूर्णाला बजावलं. संध्याकाळी पाहिलं तर नुसती सालं. तिला अजून काही झालेलं नाही. लक्ष ठेवून आहे.

१२ फेब्रुवारी
शेजारच्या इंदुताई आल्या. म्हणाल्या, "मुखरूभाऊ, सुगंधाले जाऊन जेठात वर्ष होते. त्याच्या आत पोरीचं उरकलं तं उरकलं, नाई तं तीन वर्षं थांबा लागते." बायको जाऊन वर्ष होत आलं, हे मला ठाऊक होतं, पण कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. अन्नपूर्णा मॅट्रिक झाली आहे. चुलीजवळ सगळं ऐकत होती.
ठरवलं: वैशाखात लग्न. खर्चाचं पाहू.

२ मार्च
सर्व्हिस मोटारीनं चांद्याला गेलो. भैयाजी वकिलांना भेटलो. ते म्हणाले, ट्रकचा विमा आहे, भरपाई मालकानं नाही, विमा कंपनीनं द्यायची आहे. आता त्यासाठी वेगळं ट्रिब्युनल झालं आहे, काम लवकर होतं. मग गुडघा कसा आहे, असं विचारलं. म्हटलं, बराच बरा आहे. ते म्हणाले, "हे मी ऐकलंच नाई." आणि पंख्याकडे पाहत बसले.
निघताना सांगितलं, दावा टाकतो, पण कंपनीचा माणूस गुपचूप येईल, नाव-गाव सांगणार नाही, तुम्हाला चालताना पाहील आणि जाईल. सांभाळून.
खोटं बोलायचं नाही, हे माझं पक्कं आहे. पण गुडघ्याला आतून काय वाटतं, हे दुसऱ्याला कसं कळणार? परत येताना मोटारीतून उतरताना लंगडलो. थोडं दुखलंही.

९ मार्च
इंदुताईंनी स्थळ आणलं. नागभीडचा मास्तर, निर्व्यसनी. त्याचा मामा घर पाहायला येणार आहे. इंदुताई म्हणाल्या, "तो सांगून नाई येणार. असाच येईन, पानी मागून जाईन. तुमी रडका चेहरा करून नका बसू. धडधाकट दिसा. बापच खाटेवर दिसला तं सोयरे बिचकतात."
म्हणजे दोन माणसं येणार, दोघंही न सांगता. एकासमोर लंगडायचं, एकासमोर नाही. अवघड काही नाही. इतकी वर्षं मिलमध्ये काढली, ओलं धान हात लावताच ओळखतो. माणूस काय.

१८ मार्च
आला. धोतर, काळा कोट, छत्री. मिलसमोरच्या हॉटेलात तासभर बसला. मुखरूभाऊ दारू पितात का, कोणाचं देणं आहे का, बाई कशानं गेली, असं सगळं विचारलं. हॉटेलवाल्यानं येऊन सांगितलं. देण्याघेण्याची चौकशी दुसरं कोण करणार? कंपनी!
काठी आजच आणून ठेवली.

१९ मार्च
छत्रीवाला घरी आला. पाणी मागितलं. मी खाटेवर होतो. उठताना दोनदा खाली बसलो. म्हटलं, हा पाय कामातून गेला, मिलवाले कधी काढतील सांगता येत नाही, बायको गेली, आता पोरगीच सगळं करते, तिच्यावाचून पाण्याचा घोट मिळत नाही. इतकं मी सुगंधा गेल्यावरसुद्धा कोणाशी बोललो नव्हतो. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं की दाव्यासाठी, हे मला सांगता येणार नाही.
त्यानं छत्री बाजूला ठेवून माझा हात धरला. "पोरगी म्हणजे तुमची काठीच म्हना जी," म्हणाला. फार तयार माणूस.
रात्री अन्नपूर्णा म्हणाली, "बाबा, त्या मानसानं विहिरीवर मले विचारलं, वाचता येते का, भाजी कोनती आवडते. कंपनीले भाजीचं काय करायचं आहे?" म्हटलं, कंपनी फार खोलात जाते.

२७ मार्च
आज मामा आला. बुशशर्ट, पँट, चामड्याची बॅग. सुधारलेलं घर आहे. आल्याबरोबर हसून म्हणाला, "तब्येत तं एकदम फर्स्टक्लास दिसून राह्यली तुमची!" मीही मोकळा झालो. काठी मागल्या अंगणात फेकली. तांदळाचं पोतं उचलून आत ठेवलं. शिडीनं माळ्यावर चढून त्याला सुगंधानं जपलेली पितळी भांडी दाखवली. तो म्हणाला, सायकल चालवता की नाही? इंदुताईंकडची सायकल आणून तलावापर्यंत चक्कर मारली. दम लागला नाही. त्यानं टाळी दिली. चालणं किती होतं, असं विचारलं. म्हटलं, म्हणाल तर थेट वडसा गावापर्यंत.
तो गेल्यावर अन्नपूर्णा म्हणाली, मुलगी पाहायला आलेल्या माणसानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. सारखा माझ्या गुडघ्याकडे पाहत होता. म्हटलं, चांगल्या घरची माणसं अशी टक लावून पोरीकडे पाहत नाहीत. ती आत गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.
सुगंधा असती तर माणूस ओसरी चढायच्या आत तिनं मला आतून सांगितलं असतं, हा अमुक आहे. पण आता तेही मला येऊ लागलं आहे.

८ एप्रिल
नागभीडहून नकार. इंदुताईंना मी तीनदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमचा पाय गेला म्हनतात. बापाले असा सोडून पोरगी नेली तं पाप लागन, असं मामा म्हनला. घरी सांगतानी रडला म्हनतात बिचारा."
माझा पाय? मामा तर टाळी देऊन गेला! उघड आहे, कंपनीचा तो छत्रीवाला नागभीडला जाऊन मामाचे कान भरून आला. दावा मोडायला पोरीचं लग्न मोडायचं, इथपर्यंत मजल गेली.
ठरवलं: आधी दावा जिंकायचा. पैसे हातात आले की नागभीडला जाऊन छत्रीवाल्याचा डाव उघडा पाडायचा. वैशाख अजून आहे.

२९ एप्रिल
चांदा. दोन काठ्या घेऊन कोर्टात शिरलो. समोरच्या बाकावर नागभीडचे मामा! धीर आला. सोयरीक अजून तुटलेली नाही, माझ्या बाजूनं साक्ष द्यायला आले, असं वाटलं. मी "राम राम मामा!" म्हणून दोन्ही हात जोडले. काठ्या खाली पडल्या. मी तसाच उभा.
जजसाहेबांनी विचारलं, हे तुमचे मामा आहेत का? कंपनीचे वकील हसले. आमचे भैयाजी वकील पंख्याकडे पाहू लागले.
मामानं, म्हणजे त्या माणसानं, सांगितलं. पोतं, माळा, सायकल, तलाव. वडसासुद्धा. एक अक्षर खोटं नव्हतं.
सायकलची दुरुस्ती आणि दवाखान्याचा खर्च मंजूर झाला. ट्रकमालक तेच द्यायला घरी आला होता. त्यातून आता वकिलांची फी जाईल.
परत येताना मोटारीत छत्रीवाला आठवत राहिला. त्यानं हात धरला होता.

४ मे
सायकल दुरुस्त होऊन आली. पहाटे निघालो, नागभीडला गेलो. छत्रीवाल्याचं नाव दादाजी. ओसरीवर विडी ओढत होते. मला सायकलवरून उतरताना पाहून विडी हातातच राहिली. मी सगळं सांगितलं. लपवलं नाही. म्हटलं, मी बरा आहे, पोरीवाचून माझं काही अडत नाही, तुम्ही खुशाल न्या.
त्यांनी चहा दिला. मग म्हणाले, "मुखरूभाऊ, त्या दिवशी नाई म्हनतानी मले लय वाईट वाटलं होतं. घरी दोन दिवस गोड नाई लागलं. आज नाई म्हनून राह्यलो, तं काईच वाईट नाई वाटून राह्यलं."
दारापर्यंत पोचवायला आले. सायकलच्या चाकात हवा कमी आहे, तेवढं सांगितलं.
वाटेत विचार केला. मुलाचं दुसरीकडे आधीच ठरलं असावं. नाहीतर माणूस इतक्या शांतपणे बोलत नाही.
घरी अन्नपूर्णानं विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, चहा चांगला होता.

१० जून
सुगंधाचं वर्षश्राद्ध झालं. इंदुताईंनी वडे केले. जेवताना कोणीतरी म्हणालं, आता तीन वर्षं. अन्नपूर्णा वाढत होती. म्हणाली, "तीन वर्षं नुसती बसून काय करू? नागपूरले मास्तरनीच्या ट्रेनिंगचा फॉर्म मी तवाच भरला, नागभीडवाल्यांचा नकार आला तवा." माझी परवानगी विचारली नाही. विचारली असती तर हो म्हटलं असतं, बहुतेक.
तिला कोणी फितवलं, याचा शोध घ्यायला पाहिजे. इंदुताईंवर संशय आहे.

२३ जून
अन्नपूर्णाला स्टेशनवर पोचवलं. ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली, ती मागून धरून चालली. डब्यात समोरच्या बाकावर एक म्हातारी आणि एक टोपीवाला होता. टोपीवाल्याकडे मी बराच वेळ पाहिलं. कोण असावा, कळेना. म्हातारीचंही कळेना.
गाडी हलताना अन्नपूर्णा म्हणाली, "बाबा, गुडघा दुखते का खरंच?" म्हटलं, नाही. "दुखला तं इंदुताईले सांगा. लपवू नका." मी मान हलवली. तोवर डबा पुढे गेला होता.
सायकल हातात धरून चालत घरी आलो. इंदुताई जेवायला बोलवत होत्या. नंतर येतो म्हटलं. ओसरीवर सुपात तांदूळ घेतले आणि खडे निवडत बसलो.