नळी स्वच्छ, आकडा अंतिम

३ मार्च, सोमवार. पहाटे ५.२०
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी, त्यामुळे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. लिहून झालं की कपाटाला कुलूप. घरात कोणावर संशय आहे असं नाही, पण कुलूप होतंच, लावलं.

शनिवारी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, एकवीस वर्षं गेटवर टाइमकीपर आहात, आता आणखी एक जबाबदारी घ्या. रोज सकाळी आत येणाऱ्या प्रत्येकाने मशीनमध्ये फुंकायचं. आकडा वीसच्या वर गेला की आत प्रवेश नाही. पाइपच्या कारखान्यात क्रेन, फोर्कलिफ्ट, भट्टी, सगळं जिवाशी खेळ. तुम्ही जन्मात दारूला शिवला नाहीत, म्हणून तुम्हीच. खरंच आहे. मी खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं सगळं वाचून घेतो.

गेटवर बोर्ड लावून घेतला. मजकूर माझा. ‘मशीनचा आकडा अंतिम. कोणतेही कारण ऐकून घेतले जाणार नाही.’ पेंटरने विचारलं, एखाद्याचं कारण खरं असलं तर? पेंटर संध्याकाळी कुठे बसतो ते बघायला हवं.

संकल्प: डोळ्यांत तेल घालून काम. नातं-गोतं पाहायचं नाही. मशीनचं माहितीपत्रक बारीक अक्षरात आहे, रविवारी वाचायचं.

४ मार्च, मंगळवार. दुपारी
काल शहाऐंशी माणसं फुंकली. सगळी शून्य. मनात शंकेची पाल चुकचुकली. शहाऐंशी माणसांत एकसुद्धा नाही? बातमी आधीच फुटली असणार. वॉचमन माझ्या शेजारीच बसतो आणि विनाकारण हसतो.

दुसरी अडचण. फुंकायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या शंभराच्या पाकिटात येतात आणि दर माणशी एक नवी वापरायची म्हणे. म्हणजे पाकीट सव्वा दिवसात खलास! आज चौदा माणसांनंतर संपलंच. स्टोअरवाला म्हणाला, नवीन पाकिटं यायला पंधरा दिवस. हातात एकच जादा पाकीट दिलं.

मग डोकं चालवलं. त्यातल्या बाराच नळ्या आलटून पालटून वापरायच्या. प्रत्येक माणसानंतर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसायची. स्पिरिट फर्स्ट-एडच्या नर्सबाईंकडून. बाकीच्या नव्या नळ्या साहेब आणि पाहुण्यांसाठी राखीव. माझी स्वतःची नळी वेगळी, लाल दोरा बांधून शर्टाच्या खिशात. ती पुसायचा प्रश्नच नाही, माझंच तोंड आहे.

५ मार्च, बुधवार. सकाळी ९.००
पहिला सापडला! फोर्कलिफ्टवाला. २४. हा माणूस सतत लवंग चघळतो, तेव्हाच ओळखलं होतं. म्हणून त्याच्यासाठी नळी मुद्दाम आतूनबाहेरून घासून घेतली, नंतर ‘घाण नळीमुळे आलं’ म्हणायला जागा नको. शपथा घेत होता. मी बोटाने बोर्ड दाखवला.

माझा आकडा शून्य. साहेबांचा शून्य. साहेबांना नवी नळी देताना पाकीट त्यांच्यासमोर फोडलं.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी
आज तीन जण. तिघांवरही माझा आधीपासून डोळा होता. वेल्डर बायकोशी भांडून येतो. भट्टीवरचा जाडा नजरेला नजर देत नाही. तिसऱ्याने मागच्या वर्षी उशिरा येऊन माझ्याकडे वेळ खोटी लिहून मागितली होती. अशा माणसांची नळी मी दोनदा स्पिरिटने धुतो, आत कापूस फिरवतो, थेंब निथळेपर्यंत.

ज्यांच्यावर संशय नाही त्यांना नुसता वरून बोळा फिरवतो. ते शून्य.

थोडक्यात, माझा अंदाज आणि मशीनचा आकडा तंतोतंत जुळतो. एकवीस वर्षं गेटवर बसलो ते काही माशा मारत नव्हतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग मशीन कशाला आणलं? हिला कौतुक कधी जमलंच नाही.

९ मार्च, रविवार
माहितीपत्रक वाचायला घेतलं. चष्मा सापडला नाही.

१० मार्च, सोमवार. दुपारी ३.००
नर्सबाई गेटवर आल्या. म्हणाल्या, आठवड्यात स्पिरिटच्या तीन बाटल्या गेल्या कुठे? मी म्हटलं, स्वच्छतेत. त्यांनी नळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला लागल्या, की अहो, त्या स्पिरिटमुळेच… मी तिथेच थांबवलं. तोंडी काही नको, जे असेल ते लेखी द्या. बाटल्यांचा हिशेब एवढा का लागतो हिला? कुठेतरी पाणी मुरतंय.

अर्ध्या तासात लेखी दिलं. मी ‘मिळाले’चा शिक्का मारून, वेळ टाकून, ‘तक्रारी, सवडीने’ या फाइलमध्ये लावलं. वाचलं नाही. वाचलं की मन कलुषित होतं.

आनंदाची बातमी: लोक हल्ली पावणेसातऐवजी सव्वासहालाच रांग लावतात. पहिल्या बारा नंबरांसाठी ढकलाढकली. आज वेल्डर चक्क पाचला आला, शून्य घेऊन आत गेला. नळ्या तेव्हा रात्रभर वाळलेल्या, कोरड्या ठणठणीत असतात. वक्तशीरपणा! माझ्या शिस्तीचा परिणाम. वॉचमन तर रोज पहिला, रोज शून्य. या माणसाचं काहीतरी आहे.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ८.३०
आज घरातलाच सापडला.

मेहुणे. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. मोठ्या क्रेनवर अठरा वर्षं. पूर्वी प्यायचे. चार वर्षांपूर्वी सोडली. धाकटीने काय काय सोसलं ते मी पाहिलंय, म्हणूनच त्यांच्यावर माझं कायम लक्ष असतं. आज ते रांगेत पंचेचाळिसावे होते. डोळे जरा लाल. म्हणाले, दादा, मुलगी आजारी, झोप नाही. झोप नाही!  नळी घेतली, घासली, पुन्हा घासली, आतून काडीला कापूस लावून फिरवली. आपलाच माणूस आहे, त्याच्या बाबतीत कसूर नको.

३८.

म्हणाले, दादा, पुन्हा घ्या. घेतली. पुन्हा घ्यायची म्हणून आणखी कसून धुतली. ५२! दहा मिनिटांत चौदाने वाढली, म्हणजे उभ्या उभ्या पीत होते. झडती घेतली. खिशात चष्मा, औषधाची चिठ्ठी, रुमाल. बाटली नाही. कुठे लपवली असेल?

त्यांनी एवढंच विचारलं, दादा, तुम्हाला वास येतोय का? खरं सांगायचं तर वास येत होता. उग्र, दवाखान्यासारखा. मी तसं नोंदवहीत लिहिलं.

त्यांना निलंबित केलं. पंधरा दिवसांत चौकशी. सिद्ध झालं की क्रेनचं लायसन्स जाणार, नोकरीही.

संध्याकाळी ६.००
धाकटीला मीच फोन केला. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं.  ती म्हणाली, दादा, नक्की? म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. म्हणाली, तू सांगतोस म्हणजे खरंच असणार.

भावावर एवढा विश्वास! डोळ्यांत पाणी आलं. कर्तव्य करणं सोपं नसतं.

१४ मार्च, शुक्रवार
बायकोकडून कळलं. धाकटी मुलीला घेऊन आमच्याच आईकडे गेली आहे. मेहुणे घरी एकटे. बायको म्हणाली, अहो, तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, की काहीतरी चुकलं असेल? मी म्हटलं, माझ्याकडून एकवीस वर्षांत एक मिनिट चुकलेलं नाही. ती म्हणाली, मिनिटाचं नाही विचारत. आणि ताट वाढून आत निघून गेली. ही कोणाच्या बाजूची आहे?

१७ मार्च, सोमवार
चौकशी परवा. मुख्य ऑफिसमधून डॉक्टर येणार. मेहुण्यांनी अर्ज दिलाय की आकडा मान्य नाही. अर्जाखाली नर्सबाईंची साक्ष! दोघांचं संगनमत उघड झालं. वॉचमननेही सही केली आहे. फोर्कलिफ्टवाल्यानेही. मी मोजलं, एकूण एकतीस सह्या. एकतीस पिणारे एका कागदावर! हा कागद जपून ठेवायला हवा.

संकल्प: चौकशीत सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक द्यायचं. स्वतः फुंकून दाखवायचं. जन्मात थेंब न घेतलेला माणूस, शून्य आकडा, बस. सगळ्यांची तोंडं बंद.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ६.००
लाल दोऱ्याची नळी सापडत नाही. बायकोने शर्ट धुवायला टाकला, त्यातून गेली. मुद्दाम? हरकत नाही. बारातली कुठलीही चालेल. नळी ती नळीच.

दुपारी ३.४०
जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

कॉन्फरन्स रूम. साहेब, डॉक्टर, नर्सबाई. मेहुणे भिंतीशी खुर्चीवर, दाढी वाढलेली. डॉक्टर म्हणाले, तुमची पद्धत दाखवा. मी दाखवली. परीक्षा माझी होती, म्हणून नळी तीनदा धुतली. कापूस फिरवला. निथळणारे थेंब बोटाने पुसले. साहेबांना म्हटलं, आता बघा. आणि मनापासून फुंकलं.

६१.

मला वाटलं, मशीन बदललं. मग वाटलं, चहा. सकाळचा चहा नर्सबाईंनी पाठवला होता. मी तसं म्हणालोसुद्धा.  डॉक्टरांनी नळी नाकाशी नेली आणि विचारलं, हे पुसता कशाने? मी म्हटलं, स्पिरिटने. त्यांनी विचारलं, स्पिरिट म्हणजे काय असतं?

मी बाटली उचलून लेबल वाचायला लागलो. सगळं वाचूनच घेतो मी. तिसऱ्या शब्दाला थांबलो.

डॉक्टरांनी नव्या पाकिटातली नळी लावून मला पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. शून्य. मेहुण्यांनाही तीच पद्धत. शून्य. नर्सबाईंनी माझी ‘तक्रारी, सवडीने’ फाइल उघडली. त्यांचं पत्र निघालं, दोनच ओळी: नळ्या स्पिरिटने पुसू नयेत, आकडा चुकीचा येतो. वर माझा शिक्का. मिळाले. १० मार्च, दुपारी २.४५. वेळ बरोबर टाकली होती.

मी म्हटलं, साहेब, याला कारण आहे. साहेबांनी खिडकीतून गेटकडे पाहिलं. बोर्ड तिथून स्पष्ट दिसतो. पेंटरने ‘कोणतेही’ छान मोठं काढलंय.

मेहुणे हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

२० मार्च, गुरुवार
मला एक महिना घरी बसवलंय. अडवलेल्या वीस जणांना बुडालेल्या दिवसाचा पगार. मेहुणे क्रेनवर. गेटवर मशीन आता वॉचमनकडे. म्हणे आज सगळे शून्य. मला आता त्यातही संशय घेता येत नाही, हे फार अवघड जातंय.

बायकोने संध्याकाळी शेजारी बसून विचारलं, जेवणार का?  इतकी चांगली वागतेय म्हणजे… नाही. आता असा विचार करायचा नाही.

२३ मार्च, रविवार. दुपारी
धाकटीकडे गेलो. ती परत आली आहे घरी. काय बोलायचं ते रस्त्यात तीनदा पाठ केलं. दार मेहुण्यांनी उघडलं. या दादा, म्हणाले, खुर्ची दिली. मुलगी बरी आहे. मामाला बघून आतल्या खोलीत गेली.

पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही. चुकलं माझं, एवढंच म्हणालो. मेहुणे म्हणाले, असू द्या.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, त्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी यांच्या जवळ गेले होते, दादा. नऊ वर्षं तो वास ओळखत आलेय मी. काहीसुद्धा नव्हतं. माझ्या नाकाने मला सांगितलं आणि मी तुझं ऐकलं. यांनी मला एकदाही विचारलं नाही, का गेलीस म्हणून.

ती रडली नाही. मला रडू आलं. मान खाली घालून बसलो. तिने पाण्याचा ग्लास आणून समोर धरला. मी घेतला, खिशातून रुमाल काढला आणि ग्लासाची कड पुसली. आतून, बाहेरून. पंधरा दिवसांची सवय. वर पाहिलं तर दोघंही माझ्या हाताकडे बघत होती.

धाकटी म्हणाली, दादा, धुतलेला आहे.

मी सगळं पाणी एका घोटात प्यायलो.

संकल्प: आजपासून कोणावरही संशय घ्यायचा नाही. कोणावरही नाही. कपाटाचं कुलूपसुद्धा काढून टाकलं.

(निघताना मेहुण्यांनी चहाला दोनदा थांबवलं. एकदा ठीक होतं. दोनदा का?)