सतरा कप्प्यांची बॅग

५ ऑगस्ट २००१, रविवार. सकाळी ६.४०

व्हीआरएस घेऊन चार महिने झाले. आजपासून रोजनिशी. पन्नाशीनंतर माणसाने एक काम धरावं आणि तडीस न्यावं. माझं काम ठरलं आहे. अजिंठ्याची मल्टिमीडिया सीडी. फोटो माझे, निवेदन माझं, आवाज माझा. हैदराबादेत अशी सीडी कुणी केलेली नाही. चौकशी केलेली नाही, पण नसेलच.

उषाला सांगितलं. ती शाळेत चित्रकला शिकवते. बावीस वर्षं अजिंठ्याचा पद्मपाणी फळ्यावर काढते आहे, पुस्तकातल्या काड्यापेटीएवढ्या फोटोवरून. अजिंठा तिने अजून पाहिलेला नाही. आधी मुलं लहान, मग माझ्या बँकेच्या बदल्या, मग आईचं आजारपण. म्हणाली, दसऱ्याच्या सुट्टीत जाऊ या, या वर्षी नक्की. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, नक्की म्हणजे काय, नक्कीच.

फक्त एक बॅग घ्यायची राहिली आहे. कॅमेरा आणि लॅपटॉप दोन्ही मावतील अशी, पाठीवरची. आठ दिवसांचं काम.

९ ऑगस्ट, गुरुवार

आबिड्सला तीन दुकानं पालथी घातली. पहिल्यात कॅमेऱ्याची बॅग होती, तीत लॅपटॉप जात नाही. दुसऱ्यात लॅपटॉपची, तीत कॅमेरा जातो पण मोठी लेन्स अडते. तिसऱ्यात दोन्ही मावले आणि वर डब्याला जागा उरली. पण ती शाळेची बॅग निघाली, मागे मोठा ससा. उषा म्हणाली घ्या, ससा पाठीवर असणार, तुम्हाला थोडाच दिसणार आहे. नाही घेतली.

संध्याकाळी भाचा सारंग आला. लॅपटॉप त्याचाच. हायटेक सिटीतल्या त्याच्या कंपनीने मोडीत काढला, त्याने मला दिला. विचारत होता, मामा, कॅमेरा तर रोलचा आहे, मग लेण्यांत लॅपटॉप कशाला? आजच्या पिढीला पूर्ण सिस्टीमचा विचार करता येत नाही. जेवून गेला.

१२ ऑगस्ट, रविवार

लॅपटॉपची बॅटरी अकरा मिनिटं चालते. पुढे वायर लागते. म्हणजे चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि तीस मीटर वायर. बाजारातल्या बॅगा करणाऱ्यांनी याचा विचारच केलेला नाही. निर्णय: बॅग शिवून घ्यायची.

१९ ऑगस्ट, रविवार

डिझाइन पूर्ण. मी बोललो, उषाने काढलं. सकाळी नऊ कप्पे होते, चहापर्यंत चौदा. छत्रीचा कप्पा उषाने सुचवला. थट्टेत असावा, पण घेतला. जेवायच्या आत सतरा.

मापासाठी शेजारी एक माणूस काढ म्हटलं, तर तिने पद्मपाणी काढला. पाठीवर माझी बॅग. खोडायला लावला. कारागिराचा उगाच गोंधळ व्हायचा.

२१ ऑगस्ट, मंगळवार

उषाने काचीगुड्याला जाऊन औरंगाबादची दोन तिकिटं काढली. २० ऑक्टोबर, संध्याकाळची गाडी. नवरात्रात आपले घट जाऊबाईंकडे असतात, तेव्हा ती अडचण नाही, म्हणाली. एवढी काय घाई म्हटलं. म्हणाली, रिझर्वेशन आजच उघडलं. तिकिटं देवघरात ठेवली आहेत.

२८ ऑगस्ट, मंगळवार

बेगम बाजार. अझीमभाईंचं बॅगांचं होलसेल दुकान, वर माडीवर कारखाना. त्यांनी डिझाइन बराच वेळ बघितलं आणि कुणी काढलं विचारलं. मी म्हटलं, मीच. मग पेच आला. एक नग करत नाहीत. डझन असतील तर उद्यापासूनच काम लावतात.

"एक के वास्ते कटिंग नै होती साब. डझन बोलो, कलीच लगातूं."

मी तासभर समजावलं. ते हौ हौ म्हणत चहा मागवत राहिले. तिसऱ्या चहाला मी डझन म्हणून टाकलं.

२९ ऑगस्ट, बुधवार

उषाला डझनाचं सांगायचं होतं. आधी बिझनेस प्लॅन तयार केला, मग सांगितलं. नव्या अर्थव्यवस्थेत हजारो लोकांकडे लॅपटॉप येणार. त्यातल्या पुष्कळांकडे कॅमेरा असणार. त्यातल्या अकरा जणांना तरी बॅग हवीच असणार. यात खोट काढता येत नाही.

उषाने एवढंच विचारलं की दसऱ्याच्या आत होईल ना. तिला बिझनेसमध्ये रस नाही.

२३ सप्टेंबर, रविवार

बेगम बाजारच्या पाच खेपा झाल्या. चेन कमी पडताहेत. सतरा कप्पे, बारा बॅगा, दोनशे चार चेन. अझीमभाई म्हणाले, पूरे बाजार में इत्ती चेन एक कलर में नै मिलती साब. रंग वेगवेगळे चालतील म्हणून सांगितलं. लवचीक असावं लागतं.

सीडीच्या निवेदनाचं पहिलं वाक्य डोक्यात घोळतंय. बॅग आली की बसेन.

६ ऑक्टोबर, शनिवार

बॅगा आल्या. सुंदर. शेजारचे लक्ष्मणराव बघायला आले. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेत. रिकामी बॅग हाताने तोलून म्हणाले, चार किलो. सामान भरल्यावर परत तोलली. सोळा. "प्रमोदराव, ही लगेजमध्ये बुक करावी लागेल," म्हणाले. त्यांचं आयुष्य पार्सलात गेलं, त्यांना दुसरं काय दिसणार.

लॅपटॉपचा कप्पा सगळ्यात तळाशी आहे. तो काढायचा तर आधी बाकीचे सोळा रिकामे करावे लागतात. यामुळे सामानाला शिस्त राहील.

७ ऑक्टोबर, रविवार

तालीम. पूर्ण सामानानिशी बरकतपुरा ते नल्लकुंटा चालत. जाताना उत्तम. येताना रिक्षा केली. कारण एवढंच की नल्लकुंट्याला एका कट्ट्यावर पाणी प्यायला टेकलो आणि बॅग उठू देईना. दोन भाजीवाल्यांनी उचललं. दोष पट्ट्यांचा आहे. रुंद हवेत, आत फोम हवा.

१० ऑक्टोबर, बुधवार

उषाच्या शाळेतल्या मंगलाताई घरी आल्या होत्या. इतिहास शिकवतात. म्हणाल्या, लेण्यांत फ्लॅश चालत नाही, रंग खराब होतात. फ्लॅशचा कप्पा तसाच ठेवला. देशात सगळीच बंधनं उठताहेत. तीस मीटर वायर लावणार कुठे, हेही त्यांनी विचारलं. शिक्षकांना प्रश्न विचारायची सवय असते.

१३ ऑक्टोबर, शनिवार

एक बॅग पट्ट्यांसाठी परत दिली. शुक्रवारी पक्का, असं अझीमभाई म्हणाले. गाडी शनिवारी. म्हणजे एक अख्खा दिवस हातात राहतो.

उषाने रंगाच्या पेन्सिलींना टोकं करून ठेवली आहेत. आठ दिवस आधीच.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

बेगम बाजार. फोम मिळालेला नाही. आता सोमवार.

घरी आलो तेव्हा उषा पोळ्या करत होती. तिला शांतपणे समजावलं. बॅग नाही तर सामान नेता येणार नाही, सामान नाही तर सीडी नाही, सीडी नाही तर जाण्यात अर्थ काय? संक्रांतीच्या सुट्टीत जाऊ. पूर्ण तयारीनिशी.

ती म्हणाली, "बॅगेशिवाय या."

मी म्हटलं, बॅगेशिवाय येऊन मी तिथे करू काय?

"माझ्याबरोबर बघा."

यावर उत्तर होतं. पण ते सुचेपर्यंत ती पुढची पोळी लाटायला लागली होती.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

माझं तिकीट रद्द झालं. मंगलाताईंचं निघालं. एका दिवसात सगळं ठरलं. प्लॅनिंग नसलं की असं पटकन होतं.

२० ऑक्टोबर, शनिवार

स्टेशनवर सोडून आलो. तिची पिशवी मीच उचलली होती. दोन साड्या, चित्रांची वही, पेन्सिली, चिवडा. तीन किलोही नसेल. एवढ्यावर माणूस अजिंठ्याला जाऊ शकत नाही असं माझं मत आहे. गाडी वेळेवर सुटली. तिने खिडकीतून बराच वेळ हात हलवला. मंगलाताईंनीही हलवला.

२२ ऑक्टोबर, सोमवार

बॅग आली. पट्टे अप्रतिम. संपूर्ण सामान भरून हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत तीन फेऱ्या मारल्या, काहीही त्रास नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. लक्ष्मणरावांना सांगितलं.

उषाचा फोन आला नाही. तिथे एसटीडी बूथ नसेल. असेल खरं तर.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

उषा आली. वही भरली आहे. पद्मपाणीसमोर तासभर बसली होती म्हणे. तिथला पहारेकरी आधी हटकायला आला, मग चित्र बघून टॉर्च धरून उभा राहिला.

"बावीस वर्षं मी डोळे उघडे काढत आले हो," म्हणाली. "ते खाली बघतायत."

सांगताना तिला रडू आलं आणि हसूही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नाही. ती खूश झाली तेव्हा मी हॉलमध्ये फेऱ्या मारत होतो. वाईट वाटलं. फार वाटलं.

तिला नवे पट्टे दाखवले. छान आहेत म्हणाली.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

पूजेला कॅमेरा, लॅपटॉप आणि बॅग मांडली. झेंडू वाहिला. बॅगा बाराही मांडायच्या होत्या, पाटावर एकच मावली. उषाने शेजारी तिच्या पेन्सिली ठेवल्या. सगळ्या बोटभर उरल्या आहेत. कॅमेऱ्यातला रोल ऑगस्टमध्ये भरलेला, अजून पहिल्या फोटोवर आहे. म्हणजे छत्तीसच्या छत्तीस शिल्लक.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

उषाने संक्रांतीच्या सुट्टीची तिकिटं आणली. वेरूळ. दोन आहेत. मी कॅलेंडरवर खूण करायला उठलो, तेव्हा कळलं की दुसरं मंगलाताईंचं आहे. मला का नाही विचारलं, म्हटलं. म्हणाली, तुमची तयारी कुठवर आली ते माहीत नव्हतं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

१७ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११

आठला काचीगुड्याला रांगेत उभा राहिलो. त्याच गाडीचं तिकीट काढलं. वेटिंग लिस्ट अडतीस. खिडकीवरचा माणूस म्हणाला, पंडुगाची, म्हणजे सणाची गर्दी, कन्फर्म होईल असं वाटत नाही.

उषाला सांगितलं. बॅग आणणार नाही, कॅमेराही नाही, हेही सांगितलं. तिने तिकीट देवघरात नेऊन ठेवलं. मग म्हणाली, "मंगलाताईंना विचारू का, या वेळी थांबाल का म्हणून?"

मी म्हटलं, नको, त्यांना कशाला.

तिने पुन्हा विचारलं नाही.