माश्यांचं इन्स्पेक्शन

८ नोव्हेंबर
मधपेटी आली. चंद्रपूरहून एस.टी.त मांडीवर घेऊन आणली, तोंडाला जाळी लावून. कंडक्टरने आत काय आहे विचारलं. "माझा स्टाफ," म्हणालो. शेजारचा माणूस जागेवरून उठला तो भद्रावतीपर्यंत उभाच. अडाणी लोक.

ट्रेनिंग पाच दिवसांचं होतं. मी पहिल्याच दुपारी निघालो. शिकवायला स्वाती नावाची पोरगी, आमच्या मुलीहून, पायलहूनही लहान. म्हणे, पेटी आठ-दहा दिवसांतून एकदाच उघडा. मी फॅक्टरीत जन्मभर इन्स्पेक्शन केलं. रोज तपासल्याशिवाय कोण काम करतं?

संकल्प : उन्हाळ्याच्या आत माझ्या नावाचा 'देवानंद हनी'. लेबलवर माझा फोटो, सफारीतला.

९ नोव्हेंबर
पेटी अंगणात नळाजवळ मांडली. प्रेमिलाची कुरकुर. म्हणे, "इथी मी भांडे घासतो, मले चावतीन ना त्या." समजावलं की मधमाशी विनाकारण चावत नाही. तिला भीतीचा वास येतो, तू घाबरू नकोस. बायकोला सायन्स समजावणं म्हणजे भिंतीला समजावणं.

दुपारी मला तीन ठिकाणी चावली. काहीतरी कारण असणार.

११ नोव्हेंबर, सकाळ
पहिलं इन्स्पेक्शन. उजाडून किती वेळ झाला, एकही माशी ड्युटीवर नाही. थंडी वाजते म्हणून आत बसतात! आम्ही दाट धुक्यात सायकलने गेट गाठायचो. झाकण काढून पेटीवर टिचक्या मारल्या. सगळ्या एकदम बाहेर. याला म्हणतात वचक.

मी दोन तास संडासात होतो. सुरक्षेसाठी.

१४ नोव्हेंबर
राणीमाशी ओळखली! सगळ्यांत धष्टपुष्ट, डोळे टपोरे, काम शून्य. चिमटीत धरून पाठीवर प्रेमिलाच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. फोटो स्वातीला पाठवला, तिलाही जरा शिकायला मिळेल.

तिचं उत्तर : काका, हा नर आहे. आणि प्लीज, पेटी रोज उघडू नका.

तिच्या मोबाईलचा स्क्रीन खराब असावा.

२१ नोव्हेंबर
डावा डोळा बंद. उजव्याने लिहितो आहे.

शेजारचे गफ्फारभाऊ टेलर भिंतीवरून बघत होते. म्हणाले, "भाऊ, त्यायले जरा आरामात राहू देत जा ना." मी म्हटलं, तुम्ही तुमच्या मशीनकडे बघा. त्यांच्या जरीनाबाईंनी चुन्याची डबी पुढे केली. असले गावठी उपाय मी करत नाही.

नंतर लावला. गुण आला असं नाही, पण बरं वाटलं.

२ डिसेंबर
मध अजून नाही. सगळीकडे तूर फुललेली, जवस फुललेला, आणि ह्या बसल्यात. कामचुकारपणा मी लांबून ओळखतो. आता दिवसातून दोनदा इन्स्पेक्शन. आधी भरपूर धूर, मग फ्रेम एकेक उचलून मागून-पुढून तपासणे, मग थोडक्यात कानउघाडणी.

धूर घरात गेला. प्रेमिला खोकत म्हणाली, "माह्या फोडणीचं झाकण उघडून पाहाता, त्यायचं उघडून पाहाता, तुमाले चैन कशी नाई?" संबंध काय? भाजी करपली तर कोणाला तरी कळायला नको?

७ डिसेंबर
कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं व्याख्यान ठरलं. सेक्रेटरी इस्तारीभाऊ म्हणाले, "पुढच्या रविवारी योगावाले येऊन नाई राह्यले, तं तुमीच बोला काहीतरी." अशी खुबीने विनंती करतात लोक. विषय : 'मधमाशी, शिस्त आणि नेतृत्व'. आमच्याच अंगणात, लाईव्ह प्रात्यक्षिकासह. बॅनरही सांगितला.

१२ डिसेंबर
मोठा फरक! पेटीतून आवाज नाही. पळापळ नाही, उगीच घिरट्या नाहीत. अखेर शिस्त लागली.

रविवारपर्यंत पेटी उघडणार नाही. स्टाफ ताजातवाना पाहिजे.

१५ डिसेंबर
व्याख्यान. गर्दी चांगली, त्यातले बरेच चहासाठी. मी नेतृत्वावर सविस्तर बोललो. एक गृहस्थ झोपले, म्हणजे किती शांतता होती बघा. मग जाळीची टोपी घालून सर्वांसमोर झाकण काढलं.

आत मुंग्या. रिकामी पोळी. बाकी कोणी नाही.

इस्तारीभाऊ वाकून म्हणाले, "माश्या कुठी गेल्या जी?"

"फील्डवर," मी म्हणालो.

लोक थांबले. चहा झाला, परत झाला. कोणीतरी विचारलं, जेवायला तरी घरी येतात का. मागच्या रांगेतले हसले. तेवढ्यात जरीनाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊ, आमच्या बंद कूलरात येऊन राह्यल्या नं त्या. तीन-चार दिस झाले."

अख्खं मंडळ उठून गफ्फारभाऊंच्या अंगणात गेलं. झोपलेलेसुद्धा. माझा समारोप बाकी होता.

१६ डिसेंबर
माश्या परत मागायला गेलो. गफ्फारभाऊ म्हणाले, "घेऊन जा ना, तुमच्याच हायत." टोपी, हातमोजे, धूर, सगळं चोख. कूलरला नुसता हात लावला आणि पुढचं नीट आठवत नाही. त्यांच्या नळाखाली डोकं घालून बसलो होतो.

कूलरच्या शेजारी गफ्फारभाऊ ब्लाऊज शिवत होते. उघडे हात, उघडं डोकं. एकही चावली नाही. अशा बेइमान माश्यांकडून मधाची अपेक्षा करणंच चूक.

२२ डिसेंबर
दुपारी जाग आली, घरात कोणी नाही. हाका मारल्या. मग भिंतीवरून पाहिलं.

प्रेमिला जरीनाबाईंच्या बाजेवर बसली होती. हातात चहा. कूलरपासून दोन हातांवर. तोंडासमोरून माश्या जात-येत होत्या आणि ती हसत होती. इतकं कशावर, ऐकू आलं नाही.

तिकडे जाऊन विचारलं, "इथे केव्हापासून?"

"रोजच येतो मी इथी दुपारी," ती म्हणाली. "तुमी रिटायर झाले तवापासून."

जरीनाबाईंनी मलाही खुर्ची दिली. म्हणाल्या, "बसा भाऊ, पन त्या कूलरले हात नका लावू."

मी बसलो नाही. अटी घालून बोलावलं तर मी कुठे जात नाही.

घरी येऊन चहा केला. पातेल्याचं झाकण उघडून दोनदा पाहिलं. उतू गेला.