माधवरावांची मिशी

६ जानेवारी, शेगाव
खाटेवरून अर्धा उठलो आणि गाय मध्ये आली. कट. पुन्हा बसलो. दुसऱ्या वेळी गाय जागेवर थांबली, मी वाक्य विसरलो. तिसऱ्यांदा दोघांचंही जमलं. मुक्ता दिग्दर्शक, माझ्या भाचीच्या वयाची. विचारलं, "भाऊ, शेवटी मिशीवर हात नेलात, ते कसं सुचलं?" सुचलं नव्हतं. खाज आली होती. सांगितलं नाही.

हवालदार, दुसरा हवालदार, गर्दीतला सरपंच, लग्नातला मामा. सगळं मिशीने मिळवून दिलं. ह्या वेळी पोलीस पाटील, आणि त्याला नाव आहे. माधवराव. तीन प्रसंग, पैकी दोन झाले. तिसरा मुलीला निरोप देण्याचा. चार वाक्यं, कॅमेरा फक्त माझ्या चेहऱ्यावर. असं पूर्वी कधी नाही.

लॉजवर अंघोळीला गरम पाणी. चांगला दिवस.

७ जानेवारी, उंद्री
पहाटे दादाचा फोन. आई गेली. झोपेतच. लॉजच्या मॅनेजरने मी न सांगता गाडी बोलावली.

आईला धाकट्याने अग्नी द्यायचा. दिला.

८ जानेवारी
मुक्ताचा फोन. तीच दोन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, राहू द्या. तिसरा प्रसंग अठराला. पुढे ढकलता येत नाही, मुलीचं काम करणारी नटी तेवढाच दिवस मोकळी. मी येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. सोळाला दहावा. डोकं, दाढी, मिशी, सगळं उतरायचं.

९ जानेवारी
मुक्ताला कळवलं. डोक्याचं अडत नाही, माधवरावांना फेटा आहे. खोटी मिशी लावून पाहू म्हणाली, पण उगाच म्हणाली. इतक्या जवळून डिंक चमकतो. बोलताना कड सुटते.

दिवसभर माणसं. बसतात, उठतात. बरं वाटतं.

मागच्या वर्षी आईला चिखलीला टॉकीजमध्ये नेलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू. मी पडद्यावर एका दारातून येऊन दुसऱ्या दारातून गेलो, एवढंच काम. ती दादाला केवढ्यानं म्हणाली, "तो मिशीवाला. आपला हाय." पुढच्या रांगेतले वळून पाहायला लागले. मी…

१२ जानेवारी
दादाला अठराचं आणि मिशीचं सांगितलं. तो अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता. सोलतच राहिला. मग म्हणाला, नानाकाकांच्या कानावर घालू. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बाबांनंतर घरात मोठे तेच.

संध्याकाळी गेलो. काकांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.
"काऊन रे, मायपेक्षा शिनेमा मोठा झाला काय?"
मग तेच म्हणाले,
"तुह्या मनाचा तू मालक. पण तेरवीले माह्यं पान मांडू नका."

आईच्या लग्नात काका शाळकरी होते. तिच्या हातचं खाऊन वाढले. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. सुतक, तिळगूळ नाही. शेजारच्या रशीदभाईंकडून भाकऱ्या आणि वांग्याची भाजी आली. रोजच कुणाकडून तरी येते आहे. चूल अशी पेटलीच नाही.

ठरवलं. मिशी काढणार. मुक्ताला कळवलं, दुसरा माणूस पाहा. तिने लिहिलं, दहावा होऊ द्या, मग पाहू. तिला माणूस मिळणार नाही असं नाही. तरी थांबली.

चार वाक्यं पाठ आहेत. न म्हणताही येतात.

१६ जानेवारी
नदीवर. विठ्ठल न्हावी आमच्या घरचाच म्हणायचा. बाबांच्या वेळीही तोच होता. आधी दादाचं सगळं उतरवलं. मग मी बसलो. डोकं झालं, दाढी झाली. ओठावर पाणी लावलं.

"विठ्ठल, थांब," दादा म्हणाला. दादा चारचौघांत फारसा बोलत नाही. "मायले दिसे नाही. टॉकीजमंदी इतक्या मानसांत तिनं ह्याले मिशीवरूनच ओळखलं. तेवढी राहू दे."

विठ्ठलने काकांकडे पाहिलं. काकांनी पाय धुतले, चपला घातल्या, घाट चढून गेले. विठ्ठल वस्तरा धरून बसून राहिला. मग पुसला.

मी उठून नदीत उतरलो. मला मिशी राहायला हवी होती, हेही खरं. दादाचा चेहरा सगळा उघडा, बाबांसारखा दिसत होता.

पिंडाला कावळा लगेच शिवला.

१८ जानेवारी
पहाटेच शेगावला. फेटा गुळगुळीत डोक्यावर ठरेना. कपडेवाल्याने आतून रुमाल बांधून दिला. जेवताना सगळ्यांच्या ताटात शिरा, माझ्या नाही. कुणी सांगून ठेवलं होतं, कळलं नाही.

चार वाक्यं. पहिल्यांदा नीट आली, नुसती नीट. दुसऱ्या वेळी तिसऱ्या वाक्याला हात मिशीवर गेला. खाज नव्हती. मुक्ताने कट म्हणायला उशीर लावला. नंतर बाजूला घेऊन म्हणाली, चित्रपट लांबतो आहे, ह्यातलं किती राहील सांगता येत नाही. खरं बोलली. म्हटलं, राहील तेवढं राहील.

संध्याकाळी उंद्री. दादाने विचारलं, "झालं मनासारखं?" हो म्हटलं. त्याने मान हलवली, उद्याच्या तेरवीच्या पत्रावळी मोजायला लागला. वहिनी काकांकडे दोनदा जाऊन आली. त्यांनी दार उघडलं, बोलले नाहीत. दादा म्हणाला, पान मांडायचंच. रिकामं राहिलं तर राहिलं.

१९ जानेवारी
सकाळी नानाकाका आले. माझ्याकडे पाहिलं नाही. ओसरीवर बसले. वहिनीने पाणी दिलं, ते घेतलं. पानं अजून मांडायची होती.