बाभळ आणि कळस

अण्णा, काल शहागडच्या पुलावरून एसटीने गेले. थंडीचे दिवस, वारा असा की खिडकी लावून घेतली तरी कान दुखायला लागले. खाली नदीच्या पाण्यावर लाटा उठल्या होत्या. तुम्ही असतात तर ताटावरून उठून नावेकडे पळाला असतात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण वारा सुटला की मी अजून आधी नदीकडे बघते. त्या शनिवार-रविवारची एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितलीच नाही.

मी बारावी झाले त्या वर्षीचा माघ होता. आपली नाव शिडाची. शीड म्हणजे काय, तर आईने खताच्या रिकाम्या गोण्या शिवून जोडलेल्या. वाऱ्यात काठाला बांधलेली नाव खडकावर आपटून फुटते, म्हणून तुम्ही शीड उतरवून ती लांब खोल पाण्यात न्यायचात, नांगर टाकायचात आणि वारा पडेपर्यंत आतच बसून राहायचात. सोबतीला मी. माझं काम ठरलेलं. काठावरची बाभळ आणि तिच्यामागचा देवळाचा कळस एका ओळीत आहेत ना, हे बघत राहायचं. ओळ मोडली म्हणजे नांगर घसरतोय, नाव सरकतेय. मग नांगर पुन्हा रुतावा म्हणून आणखी दोर सोडायचा आणि काठाचं नाव काढायचं नाही. शनिवारी दुपारी आपण निघालो तेव्हा आई मागून ओरडली, "उद्या पाव्हणे येऊन राह्यले, ध्यानात हाय ना?" टेंभुर्णीचे लोक मला बघायला येणार होते. स्थळ चांगलं आहे असं सगळेच म्हणत होते. मी मात्र गुपचूप नर्सिंगचा फॉर्म भरला होता, आणि लग्न ठरलं की तो चुलीत जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्हाला सांगायची माझी छाती झाली नाही.

नावेत तुम्ही फारसं बोलत नाही. आपण भाकरी आणि ठेचा खातो. घोंगडी उडू नये म्हणून तुम्ही तिच्या टोकावर बसता आणि मधूनच म्हणता, "कान झाक, गार वारंय." रविवारी अकराच्या सुमाराला वारा उतरायला लागतो. काठावर आई पदर हलवतेय, तिच्यामागे दोन-तीन पांढऱ्या टोप्या दिसतात.

"बाभळ बघ बरं," तुम्ही म्हणता. "सरकली का नाव?"

मी बघते. कळस बाभळीच्या बरोबर मागे आहे, सकाळी होता तसाच.

"सरकून राह्यली, अण्णा."

तुम्ही काठाकडे बघितलंत, जरा जास्तच वेळ. मग म्हणालात, "तू म्हन्ती त सरकली असंल." आणि दोन हात दोर सोडलात. ऊन कलेपर्यंत आपण तिथंच बसलो.

पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. आई पंधरा दिवस तुमच्याशी बोलली नाही. भावकीत, बाजारात, जो तो तुम्हाला विचारायचा, नाव मोठी का लेक मोठी. तुम्ही तंबाखू मळत ऐकून घ्यायचात. पुढे नर्सिंगचं बोलावणं आलं तेव्हा तुम्हीच मला जालन्याला नेऊन सोडलंत आणि एका शब्दाने विचारलं नाहीत. सारा जन्म नदीवर काढलेल्या माणसाला ती बाभळ दिसली नसेल, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. आता लाज वाटते.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. होस्टेलवरून आलेली माझी पत्रं शेजारचे मास्तर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आई चुलीपाशी बसून ऐकायची. म्हणून हे पत्र तेव्हा लिहिलं नाही. आज लिहिलंय, तर ते माझ्या पर्समध्येच राहणार.

आई आता फार थकलीय. काल तिच्याकडेच गेले होते. बाहेरचा वारा ऐकून ती म्हणाली, "तुझ्या बापानं नावंपायी तुझं सोन्यासारखं स्थळ घालवलं." मी तिच्या पायांना तेल चोळत होते. मी हो म्हणाले, अण्णा.